पंपघराचं कुलूप

एका कुलपामुळे उलटलेली ती केस मला आजही जशीच्या तशी आठवते. खामगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. सकाळी ठाण्यात पोहोचले, तर एक पारधी माणूस आधीच कोठडीत.

"काय गुन्हा?" मी हवालदारांना विचारलं.

"पंपघरातून मोटारीची केबल गेली, मॅडम. मालकाच्या पुतण्यानं यालेच तिकडं पाह्यलं म्हणे."

"पंचनामा?"

"करू ना. चोरी झाली का गाडी आधी बेड्यावर, पारध्यायच्या वस्तीत जाते. पह्यलेपासून तसंच हाये."

तो माणूस शेजारच्या संत्राबागेची राखण करायचा. चोर ठरला की राखणीचं काम पुन्हा कोणी देत नाही. "माही रोजची वाट तिथूनच हाये," एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात त्याची वकील आली. पारधी समाजातलीच, आश्रमशाळेत शिकलेली, सनद नवी. हवालदारांनी बाकडं दाखवलं. "बसते ना," ती म्हणाली, "आमच्या लोकांले इथं बाकडं पह्यल्यांदाच भेटून राह्यलं."

तिनं वाद घातला नाही. जागा बघायची म्हणाली. मलाही ती बघायचीच होती. पंपघरापाशी मालक आणि पुतण्या दोघंही हजर होते.

"काका, सकाळी आले तवा दार कसं होतं?" तिनं विचारलं.

"कुलूप होतं. मीच उघडलं."

"मंग केबल?"

"कापून नेलेली."

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, माल घेऊन पळणारा कुलूप लावत बसते का?"

किल्ली कौलाखाली असायची. ते फक्त काका-पुतण्यालाच माहीत. मी पुतण्याला बाजूला घेतलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारायचे. शेवटी तो म्हणाला, "रोजच्या सवयीनं लावलं गेलं." केबल त्याच्याच गोठ्यात, कडब्याखाली सापडली.

मी पारध्याला जायला सांगितलं. वकील मध्ये आली. "असं नाही, मॅडम. आणलं तवा चौकातून आणलं, सगळ्यायच्या समोर. सोडाले पन गाडीच न्या."

मागणी रास्त होती. बाजाराचा दिवस. त्याला पुढच्या सीटवर बसवलं, हवालदार मागे. चौकात गाडी थांबवून मी मोठ्यानं सांगितलं, चोर सापडला आहे आणि तो हा नाही. गर्दीत बागेचा मालक उभा होता.

"मंग संध्याकाळी येतं ना बे राखणीले?"

"हाव, येतो."

वकील तेवढ्यावर थांबली नाही. ठाण्याच्या त्या पद्धतीविरुद्ध ती नागपूरला हायकोर्टात गेली. मी पाहिलं तेवढं शपथपत्रात लिहून दिलं. काही वरिष्ठ माझ्याशी बोलेनासे झाले. ती जिंकली. केवळ जात बघून कुणालाही उचलायचं नाही, असा हुकूम झाला. पुढे अशा कितीतरी केसेस तिनं लढवल्या.

संशयाला गाडी लागत नाही, तो खुर्चीत बसूनही घेता येतो. पुराव्यासाठी जागेवर जावं लागतं. नोकरीत मी शिकले ते एवढंच.

निवृत्तीनंतर एकदा नव्या शिपायांच्या प्रशिक्षणाला गेले, तर व्याख्यान तिचंच होतं.

"चोरीची खबर आली. गाडी आधी कुठं नेणार?" तिनं विचारलं.

"घटनास्थळी," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.