वाळूतल्या अक्षता

घरासमोर बांधकाम सुरू आहे. तिथल्या पत्र्याखालच्या कोरड्या वाळूचा उबदार वास आला की मी पुन्हा नवरी होते.

पोखर्णीच्या वाटेवर एका हौशी डॉक्टरांनी शेतात गोल्फचं लहानसं मैदान केलं होतं. माझे आबा ते सांभाळायचे. हिरवळीवर पसरायची बारीक वाळू पत्र्याच्या शेडमध्ये असायची. ओली झाली की तिचे गोळे होतात, म्हणून आबा ओल्या पायाच्या मांजरालाही तिथं फिरकू देत नसत.

माझं लग्न मैदानाच्या कडेलाच होतं. ऐन मुहूर्ताला अवकाळी पाऊस कोसळला, मांडव गळायला लागला आणि सगळं वऱ्हाड शेडकडे पळालं. दारात आबा हात पसरून उभे! "आत न्हाई यायचं, वाळू वली होईल!"

"आवं, लगीन पोरीचं हाय का वाळूचं?" आई ओरडली.

सगळे खो खो हसले. आबाही हसत बाजूला झाले. शालू भिजला म्हणून मी तेव्हा रडवेली होते. आज तो पाऊसच लग्नातला थोर पाहुणा वाटतो. उबदार वाळूत पाय रुतवून आम्ही उभे राहिलो. पत्र्यावरच्या आवाजात मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात; त्या मात्र मनसोक्त पडल्या.

पुढे तीच वाळू हिरवळीवर पसरली गेली. मग एक दिवस सासरी आबांचा फोन आला. तणाचं एक पातं न सोडणारा तो माणूस हळूच म्हणाला, "पोरी, तुझ्या अक्षता उगवल्यात गं. उपटायला हातच उठंना."