चिखलातले खुबे

तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट मला अजून आहे.

सुट्टीत गोव्याला आलो होतो; वॉटर पार्क रविवारी पाहून झाला होता. सोमवारी मी आणि बायको मुलीला घेऊन केरीला, तेरेखोलच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती. एक म्हातारी चिखलात पायाच्या बोटांनी चाचपत खुबे, म्हणजे शिंपले, काढत होती. मुलगी काठावरच थबकली.

"ये गो बाय, चिखल चावना नाय," म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "तुमीय पॅन्ट वयर करा. ऑफिसातले पाय मरे हे!"

मुलीनं अकरा खुबे काढले. म्हातारीनं ते एकेक करून पुन्हा चिखलात पुरले.

"आज सोमवार. खावचे नाय, इकूचे नाय. फक्त भुरग्यांक, पोरांक शिकवचे."

"तुमची नातवंडं?" बायकोनं विचारलं.

"नात पुण्याक. मे म्हयन्यात येता, पार्कात जाता. हय चिखल म्हणान गाडयेतसून उतरना नाय."

तिनं माझ्या मुलीचे माखलेले पाय हातांत धरले. "हेंचो फोटो माज्या झिलाक धाडशात? तो नातीक दाखयतलो."

तिच्या साध्या फोनवरून मी तिच्या मुलाचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवर फोटो काढून त्याला पाठवला. भरतीचं पाणी घोट्यापर्यंत आलं तरी ती माझ्याजवळून हलली नाही. अखेर उत्तर आलं. शब्द नव्हते, नुसतं अंगठ्याचं चित्र होतं. तिनं ते डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हणजे ह्या खेपेक नात चिखलात उतरतली मां?" तिनं मला विचारलं.