उजवा कळा

आमच्या आतोबांएवढा ठाम माणूस मी दुसरा पाहिला नाही. आयुष्यात कोणतीही गोष्ट आपण होऊन ठरवायची नाही, असं त्यांनी मुंजीच्या वयात ठरवलं आणि सत्तरी आली तरी ते त्यापासून तसूभरही ढळले नाहीत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी साखळी टाकली की भावाभावांची जुनी भांडणं मिटत, निदान नवी तरी सुरू होत, आणि त्यांनी नकाशावर मारलेली रेघ कोर्टातसुद्धा हलत नसे. घरी आल्यावर मात्र चहा घ्यावा की कोकमाचं सरबत, हा प्रश्न ते देवीपुढे ठेवत. त्यांच्या देवघरात काळ्या पाषाणाची वीतभर उंचीची देवी होती. तगरीचे दोन कळे पाण्यात बुडवून तिच्या दोन खांद्यांवर चिकटवायचे, हात जोडून प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. आमच्याकडे याला कळे लावणं म्हणतात आणि लोक ते लग्न, जमीन, दुखणंखुपणं अशा वेळी लावतात. आतोबा छत्री न्यावी की नाही यासाठी लावत. श्रावणातल्या दमट हवेत कळे तास-तास पडत नसत, तोवर बाहेर पाऊस पडून जात असे, आणि आतोबा देवीचे आभार मानून छत्री खुंटीला लावत. स्वराज्यातली पहिली निवडणूक आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. उमेदवार बरेच, प्रत्येकाची पेटी वेगळी आणि देवीला खांदे दोनच. शेवटी आत्यानं सांगितलेल्या पेटीत ते मत टाकून आले.

तसं पाहिलं तर त्या घरात सगळंच आत्या सांगे, फक्त ते देवीच्या तोंडून. कळा कुठला पडावा हे तिच्या हातात नव्हतं, पण प्रश्न काय होता हे ती मागाहून ठरवू शकत असे. एकदा तिला धाकट्या बहिणीकडे पूर्णगडला जायचं होतं आणि नेमका डावा कळा पडला. आत्या शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही विचारलंत काय? हिला पाठवू का, असंच ना? मी कुठं पाठवा म्हणत्ये? मी आपण होऊन जात्ये. ते तुम्ही विचारलंतच नाही." आतोबांना हे पटलं. नकाशातली चूक दाखवून दिली की पटायची, तसंच. आत्या चार दिवस पूर्णगडला राहून वाळवलेले बांगडे न आणता, फक्त बांगड्यांच्या गोष्टी घेऊन परत आली, कारण आतोबा कट्टर शाकाहारी होते.

त्यांचं घर वरच्या आळीत, पाखाडीच्या टोकाला होतं. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची चढण. विहीर तळाशी आणि घर वर, अशी ही योजना आतोबांच्या आजोबांची. आजोबांना स्वतः पाणी भरावं लागत नसावं. आतोबा त्याच घरात जन्मले, त्याच घरातून नोकरीवर गेले आणि पेन्शन घेऊन त्याच घरात परत आले. तिथली प्रत्येक पायरी, प्रत्येक फळी त्यांना तोंडपाठ होती. अंधारातही ते कधी कशाला ठेचकाळले नाहीत. आत्याचे गुडघे मात्र दोन वर्षांपासून बोलायला लागले होते, आणि एका पावसाळ्यात ती कळशीसकट शेवाळावरून घसरली. मुंबईच्या मुलानं पत्रावर पत्र पाठवून एकच धोशा लावला, की सामान कमी करा आणि खालच्या खोल्यांत राहायला जा.

या खालच्या खोल्या म्हणजे समुद्राकडे, मांडवीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या वाटेवर, मुंबईच्या एका धनिक व्यापाऱ्यानं आईच्या स्मरणार्थ बांधलेली एक लांबलचक बैठी इमारत. फक्त वयस्क जोडप्यांसाठी. प्रत्येक जोडप्याला दोन खोल्या, दाराशी नळ, आठवड्यातून एकदा डॉक्टर आणि संध्याकाळी ओट्यावर कीर्तन किंवा भांडण, जे जमेल ते. पाटीवर 'विश्रांतिनिवास' असं लिहिलेलं होतं, पण गाव तिला पेन्शनरांची चाळ म्हणे. तिथं जागा एकाच रीतीनं रिकामी होत असल्यामुळे, जागा मिळाल्याबद्दल कुणाचं अभिनंदन करावं की नाही हे लोकांना कळत नसे. नियमांच्या कागदावर 'सामान बेताचे आणावे' असं होतं. आतोबा साखळी घेऊन गेले आणि एका बिऱ्हाडाच्या दोन्ही खोल्या मोजून आले. खोल्या नकाशापेक्षा चार बोटं लहान असल्याचं त्यांनी चिटणिसांना नम्रपणे कळवलं. चिटणीस म्हणाले, "राहणारी माणसंही आता जरा आटलेलीच असतात."

मग सामान कमी करणं सुरू झालं. टाकून देणं हाही एक निर्णयच, त्यामुळे त्या घरातून आजवर काही बाहेर गेलेलं नव्हतं. मोडक्या तिवया होत्या, कान तुटलेल्या कढया होत्या, जुनी पंचांगं होती आणि खिळखिळ्या विळ्या तर तीन होत्या. आतोबा एकेका वस्तूसाठी कळे लावायला बसले. पहिल्या दिवशी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत एक तिवई आणि दोन डबे एवढाच निकाल लागला, आणि तोही राहू द्या असा. आत्या दारातून म्हणाली, "देवीचे खांदे भरून येतील हो. तिचंही वय झालंय." मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो आणि रविवारी आत्याकडे जेवायला जात असे. मला वाटलं, या गतीनं ही दोघं खाली उतरेपर्यंत चाळच पडून जाईल. आणि खरं सांगायचं तर आतोबांना तेच हवं आहे, असंही वाटलं.

तेवढ्यात तिथं एक जागा रिकामी झाली. अर्ज सोमवारी द्यायचा, नाही तर दुसरं जोडपं तयारच होतं. आता मूळ प्रश्न देवीला विचारणं भाग होतं. रविवारी सकाळी मी अर्ज घेऊन जरा लवकरच पोचलो. आतोबा न्हाणीघरात होते आणि आत्या देवघरात वाकून देवीच्या उजव्या खांद्याला बोटानं काहीतरी चोळत होती. शेजारी वाटीत गुळाचा पाक होता. मी पाहतच राहिलो. ती दबक्या आवाजात म्हणाली, "असा बघू नकोस. उजवा पडता कामा नये. त्यांचा जीव आहे रे या घरात. माझे गुडघे काय, कुठंही दुखायचेच." एवढं बोलून ती वाटी पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात गेली.

आतोबा ओलेत्यानं आले, कळे लावले, खणखणीत आवाजात विचारलं, "आई, हे घर सोडून आम्ही खाली राहायला जावं काय?" आणि आत्याला चहा टाकायला सांगितलं. मी ओटीवर बसलो. बराच वेळ आतून हूं की चूं नाही म्हणून डोकावलो, तर आतोबा देवीवर ओणवे झाले होते. एका बोटानं त्यांनी डावा कळा दाबून धरला होता आणि उजव्या कळ्यावर ते गाल फुगवून फुंकर मारत होते. चेहरा लालबुंद झाला होता. मला पाहून ते दचकले, पण डाव्या कळ्यावरचं बोट काही काढलं नाही. म्हणाले, "वारा पडलाय आज." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "काल विहिरीवरून येताना ती सात ठिकाणी टेकली. मी वरून मोजत होतो. तिला सांगू नकोस, नाही तर सहा ठिकाणी टेकेल." आणि पुन्हा फुंकर मारायला लागले. कळा ढिम्म हलेना. आत्याचा पाक पक्का होता.

शेवटी मुंग्यांनी घोटाळा केला. चौरंगावरून एक रांग चढली आणि सरळ देवीच्या उजव्या खांद्यावर गेली. आतोबांनी तिथं बोट लावलं, ते जिभेला लावलं आणि मान वळवली. आत्या चहाचा पेला घेऊन दारात उभी होती. डाव्या कळ्यावरचं त्यांचं बोट तिनंही पाहिलं. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. मग आतोबांनी उजवा कळा चिमटीत धरून उपटून काढला, त्याला चिकटलेली मुंगी झटकली आणि तो आत्याच्या हातावर ठेवला.

"उजवा पडला," ते म्हणाले.

आत्यानं तळहाताकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "मी बघितला की पडताना."

त्या दोघांच्या पाया पडावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. पण मी आपला दौत घेऊन अर्ज भरायला बसलो.

पंधरा दिवसांत ती दोघं खाली गेली. सामान अगदी बेताचं नेलं, आणि ते कुणाला काही न विचारता. दाराशी नळ आल्यामुळे आत्या एखाद्या सरदारणीसारखी बसल्या जागी हंडा भरे. आतोबा रोज संध्याकाळी "मांडवीला वारा खाऊन येतो" असं सांगून बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. एकदा ते आले तेव्हा मी तिथंच होतो. आत्यानं विचारलं, "आज वारा कसा होता?" आतोबा म्हणाले, "झकास. भरती होती." ते हातपाय धुवायला गेले. आत्या भिंतीला धरून उठली, दाराशी काढलेल्या त्यांच्या वहाणा तिनं उचलल्या आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतल्या. मांडवीची वाळू काळी आहे. त्या वहाणांना पाखाडीची तांबडी माती लागली होती. तिनं ती नीट पुसून काढली, फडकं नळाखाली धुतलं आणि वहाणा जागच्या जागी ठेवून दिल्या.