पाण्यावरची गॅलरी

माझ्या आत्याने जन्मात कुठलीही वस्तू नुसती विकत घेतलेली नाही. ती वस्तू दाखल करून घेते. परळच्या एका मोठ्या इस्पितळात सारी हयात सिस्टर म्हणून काढून ती निवृत्त झाली खरी, पण संपली ती नोकरी, सिस्टर काही संपली नाही. फ्रिज घ्यायला गेली तेव्हा तिने त्याच्या पाठीला कान लावला आणि दुकानदाराला विचारलं, "हा रात्री घोरतो का?" सोफा घेताना तिथल्या पोराला सोफ्यावर आडवं पाडलं आणि फर्मावलं, "आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं समजा, आणि उठा." तो कसाबसा उठला. "कशाला धरून उठलात?" "हाताला, मॅडम." "मग हात मजबूत पाहिजे. हा लटपटतोय. दुसरा दाखवा." लालबागला मसाल्याच्या मिरच्या घ्यायला गेली की एखादी मोडून, चाखून म्हणते, "रंग चढलाय, जीव नाही." माणसांचीही सुटका नाही. भेटताक्षणी तिची दोन बोटं समोरच्याच्या मनगटावर जातात आणि नजर स्वतःच्या घड्याळावर. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात, बुद्धवंदना होऊन हार घालायच्या आधी, तिने नवऱ्या मुलाची नाडी पाहिली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा निर्वाळा दिला, "घाबरलाय. पण मुलगा बरा आहे."

आमचं घर मात्र पत्रकांचं. बाबा पालिकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे: पाण्याच्या हक्काची, जमिनीच्या हक्काची, गिरणीच्या जागेवर कामगारांच्या घरांची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या घड्या घालता घालता. अननसाच्या आधी मला अन्याय वाचता यायला लागला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. ज्यांना पत्रक म्हणजे रद्दी वाटते त्यांनी लक्षात ठेवावं, आम्हाला जे मिळालं ते कुणी प्रसाद म्हणून वाटलेलं नाही. आत्याला हे सगळं मान्य आहे. फक्त तिचं म्हणणं, मी बोलताना हात रिकामे ठेवते. "भाषण चालू दे," ती म्हणते, "पण कोथिंबीर निवडत बोल."

अशी ही आत्या एका रविवारी आमच्याकडे आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "दादा, आपण बोट घेतोय."

झालं होतं ते असं. आमच्या कोकणातल्या गावी मोठं तळं आहे. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठाला नुसता आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. त्या तळ्यावर नौकाविहार सुरू करायचं ग्रामपंचायतीने ठरवलं आणि ते काम आमच्या वाडीतल्या बायकांच्या बचत गटाने मिळवलं. आठवडाभर पाहुण्यांना फिरवायचं, रविवारी बोट घरच्यांची. बोट निवडायला मुंबईचं माणूस हवं होतं, आणि आत्याने ते काम कुणी द्यायच्या आधीच घेतलं होतं. "पहिली फेरी आपल्या घराची," तिने जाहीर केलं, "आणि पहिला बसणार दादा."

"मी नाही बसणार," बाबा म्हणाले, आणि पेपर उलटला.

हे 'नाही' जुनं होतं. बाबा लहान असताना त्या तळ्याच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसले होते. वरच्या आळीतला एक माणूस काठी घेऊन धावला. माझे आजोबा, अण्णा, मुंबईहून, गिरणीतून, सुट्टीवर आलेले. ते धावत आले ते आत्याला बरोबर घेऊनच. लाल बावट्याच्या मोर्च्यात छाती काढून चालणारा तो माणूस त्या घाटावर उभा राहिला आणि माफी मागितली. आत्याने त्यांचं बोट धरलं होतं. हात जोडण्यासाठी त्यांनी ते सोडवून घेतलं. पुढे तळं सगळ्यांना खुलं झालं, पण बाबांनी त्यात पुन्हा पाय घातला नाही. तळ्यातच काय, दादरच्या चौपाटीवरही ते कोरड्या वाळूच्या पुढे गेले नाहीत. पाण्यावर त्यांच्याइतकं कुणी लिहिलं नसेल, आणि पाण्यापासून इतकं लांबही कुणी राहिलं नसेल.

"बाय, हक्क मिळवायचा असतो," ते म्हणाले, "त्याची सहल काढायची नसते."

"मग मिळवून काय करायचं? फ्रेम करून भिंतीवर लावायचा?" आत्या म्हणाली. "तू नको बसूस. निवडायला तर ये."

त्यानंतर आत्याने बोटी तपासायला घेतल्या. दोन वर्षांपूर्वी बाबांची डावी बाजू गेली होती आणि ते व्हीलचेअरवर होते. त्यामुळे ज्या बोटीत खाली पाय टाकून उतरावं लागतं त्या सगळ्या वल्ह्याच्या होड्या पहिल्या फेरीतच बाद. वेगाच्या मोटरबोटीचा व्हिडिओ बघून ती म्हणाली, "ही घाईच्या माणसांची. आपल्याला कुठे पोचायचंय?" पायाने चालवायच्या हंसाच्या बोटीवर तर ती उखडलीच. "दादाने जन्मभर ताठ मानेने लिहिलं, आता तो हंसाच्या पोटात बसून सायकल मारणार?" मीही माझं मत दिलं, की बोटीसारखी चैन ही मुळात मूठभरांसाठी असते. तिने माझ्यासमोर वाटाणे सोलायला ठेवले.

आणि मग शिवडीला, बंदराच्या गोदामांमागे, एका कारखान्यात तिला पाँटून बोट दिसली. दोन लांब, पोकळ, दोन्ही टोकांना बंद नळ्या पाण्यावर तरंगतात; त्यांवर अंगणासारखा सपाट तळ, चहूबाजूंनी कंबरेएवढा कठडा, वर छत, कडेने बाकं. कठड्याला फाटक, फाटकातून फळी टाकली की व्हीलचेअर सरळ आत. आत्या तळावर उभी राहिली, कठड्यावर कोपर टेकलं, खाली वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, ही बोट नाहीच," ती मला म्हणाली, "ही आपली गॅलरी आहे!"

तिथे मी विरघळले. लालबागच्या आमच्या चाळीची जागा आता बारा मजली इमारतीने घेतली आहे. प्रत्येकाला दार मिळालं, गॅलरी कुणालाच नाही. आणि इथे ती पाण्यावर तरंगत होती. सगळे एका पातळीवर, सगळे समोरासमोर, मानाची जागा कुठलीच नाही. बोट असावी तर अशी, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. पत्रकात लिहावी अशी ती बोट होती.

पण आत्या अशी लगेच दाखल करून घेत नाही. तिने इमारतीच्या गच्चीवर खडूने बोटीचं माप आखलं, फाटक काढलं, बाकं काढली आणि सगळं खानदान त्यात बसवलं. काका, म्हणजे तिचे यजमान, चिवड्याचा डबा घेऊन बसले. बाबा "मी फक्त उन्हाला आलोय" असं बजावून व्हीलचेअरवर, बरोबर मधोमध. सारं शिस्तीत चाललं होतं, तोच खाली रस्त्यावर वरातीचा बेंजो वाजला. पुढे काय झालं ते आमच्यासारख्या चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. खाली काही वाजलं, कुणी भांडलं, नुसती टॅक्सी थांबली, तरी सगळ्यांनी गॅलरीच्या कठड्याशी धावायचं हा आमचा जन्मजात धर्म. क्षणात अख्खं खानदान खडूची रेघ ओलांडून गच्चीच्या एका कडेला. खडूच्या बोटीत उरले आत्या आणि बाबा.

"बुडालो," आत्या म्हणाली.

बाबा आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. "बाय, आपली माणसं पाण्याने नाही मरायची. बघायच्या हौसेने मरतील."

दुसऱ्या दिवशी आत्या कारखान्यात हजर. "सगळी माणसं एका कठड्याशी गेली तर काय होईल?"

"मॅडम, असं कोण करतं?" कारखानदार म्हणाला. "फॅमिली लोग आरामात बसतात."

"फॅमिली कुणाची? तुमची की आमची?"

शेवटी त्याने भरतीच्या वेळेला, धक्क्याला बांधून, दोन बोटी दाखवायचं कबूल केलं. आम्ही सगळे लाइफ जॅकेट चढवून शिवडीला गेलो. बाबा धक्क्यावर सावलीत. पहिली दोन नळ्यांची. आत्या हुकूम देणार, इतक्यात काठावरच्या उथळ पाण्यातून फ्लेमिंगोंचा अख्खा गुलाबी थवा उठला. हुकुमाची गरजच पडली नाही. "ते बघ, ते बघ!" करत सगळे एका कडेला, तळ कलंडला, पाणी आत, आणि काकांचा चिवड्याचा डबा समुद्राच्या दिशेने निघाला. "जाऊ दे रे, त्याला पोहता येतं," काका हताशपणे म्हणाले. दुसरी बोट तीन नळ्यांची, मधे एक जास्तीची. तिच्यावर आत्याने आम्हाला तीनदा धावायला लावलं. कड चार बोटं खाली गेली आणि थांबली. आत्याने गुडघे टेकून ती चार बोटं स्वतःच्या बोटांनी मोजली, कठड्यावर थाप मारली आणि म्हणाली, "हिला घेऊ."

बोट गावी पोचली. पहिल्या फेरीला आम्ही सगळे गेलो, बाबाही आले, पण "काठावरून बघेन" या अटीवर. आत्याने त्यांना एका शब्दानेही आग्रह केला नाही. तिने आम्हाला चढवलं, स्वतः उतरली आणि त्यांची खुर्ची फळीपाशी आणून सोडली. पण कारखान्यात नीट बसणारी फळी इथे बसेना. काठ सखल, बोटीचा तळ जरा उंच, फळीच्या टोकाला पायरी झाली. चाक त्यावर चढणार नव्हतं.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि आणखीही काही होतं. "नाही जमत, बाय. जा तुम्ही."

आत्याने फळी पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. आणि वॉर्ड हलवून सोडणाऱ्या आवाजात ओरडली, "सगळे इकडे या! दादा आलाय, बघायला या!"

आम्ही धावलो. लहान, थोर, काका नव्या डब्यासकट, सगळे काठाकडच्या कठड्याशी, जसे चाळीत धावायचो तसे. कड चार बोटं खाली आली. पायरी मोडली, फळी सपाट झाली. आत्याचे हात खुर्चीच्या मुठींवर होते, पण ती ढकलत नव्हती. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने चाकाचा ब्रेक त्यांनी स्वतः काढला.

तळ्याच्या मध्यावर आत्याने इंजिन बंद करायला लावलं. बाबा बराच वेळ जुन्या घाटाकडे बघत होते. "अण्णा कुठे उभे होते गं?" त्यांनी विचारलं. आत्याने बोट दाखवलं. तिथून घाट म्हणजे चार काळ्या रेघा दिसत होत्या.

"एवढासाच?" बाबा म्हणाले.

आत्याने फाटक उघडलं, खुर्ची कडेला घेतली, चाकं पक्की केली, काकांच्या मदतीने बाबांना खाली तळाच्या कडेवर बसवलं, त्यांचे मोजे काढले आणि त्यांचं निर्जीव पाऊल दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडलं. दुसरं त्यांनी स्वतः सोडलं. मग ती शेजारी तळावर बसली आणि त्यांचं मनगट धरलं. मला वाटलं, सवयीने नाडी बघतेय. बराच वेळ ती तशीच बसली होती, समोर घाटाकडे पाहत. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.