दुबईचा प्रिंटर घेऊन सिरसाळ्याहून बीडला

दुबईत नोकरीला असलेला माझ्या बहिणीचा सुनील सुट्टीवर आला, तो प्रिंटर घेऊनच. "मावशी, तिकडं लई स्वस्त मिळाला," म्हणाला. स्वस्त म्हटलं की मी पुढचं काही विचारत नाही, तिथंच चुकलं.

आमच्या गावात सोमवारी सप्ताह बसणार होता. भजनी मंडळातल्या तीसजणींना मोठ्या अक्षरात अभंगांची पानं काढून देते, असं मी कबूल करून बसले होते. खरं म्हणजे ते शांताक्कांसाठी. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलीय. प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकल्या, पण पुस्तकातली बारीक छपाई त्यांना दिसत नाही. भजनात शेजारणीच्या मागं नुसते ओठ हलवतात. "एकदा माझ्या डोळ्यांनी वाचू दे बाई," म्हणाल्या होत्या. प्रिंटरनं तीन पानं काढली आणि शाई संपली. झेरॉक्सवाला पानाला पाच रुपये सांगत होता. चोवीस पानं, तीस बायका. हिशोब केला आणि घरी आले.

गुरुवारी शाईसाठी परळी गाठली. परळीला जाणार असाल तर आधी वैजनाथाचं दर्शन घ्या, दुकानं नंतर. मी तसंच केलं, म्हणून पुढचं सगळं डोकं शांत ठेवून ऐकता आलं. दुकानदारानं शाईची जुनी डबी उलटीपालटी करून पाहिली.

"हा नंबर हिकडं येत न्हाई, ताई. हिकडं याच डबीला दुसरा नंबर हाय. मापाला सेम."

"शाई वेगळी आहे का?"

"शाई काळीच हाय की."

नऊशे ऐंशी दिले. घरी येऊन डबी बसवली. टक्कन बसली, तीळभरही फरक नाही. आणि प्रिंटरच्या पडद्यावर इंग्रजी उमटलं. मी दहावी पास. एकेक शब्द लावत वाचलं: ही शाई या प्रदेशासाठी नाही. शाईला प्रदेश असतो, हे आम्हाला भूगोलात कुणी शिकवलं नव्हतं. दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो, "खोकं फोडलं का? मग वापस न्हाई. बीडला दाखवा."

शुक्रवारी सकाळी प्रिंटर चादरीत बांधला आणि एसटीत बसले. शांताक्का बरोबर आल्या. त्यांना तिकीट माफ, मला अर्धं. कंडक्टरनं गाठोड्याकडं बोट केलं. "मावशी, ह्ये कोण?"

"प्रिंटर आहे."

"बायांचा का गड्यांचा? गड्यांचा असंल तर फुल पडंल." मागचे हसले. शांताक्का म्हणाल्या, "तू आदी सुट्टे पैसे दे, मग इचार."

तेलगाव, वडवणी करत अडीच तास लागतात. वडवणीला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला. दहा रुपयांत दोन घोट. त्यापेक्षा घरून दशम्या न्या. आम्ही त्याच खाल्ल्या.

बीडला स्टँडमागं रफीकभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. एवढंसं, पण झाडलेलं. त्यांनी डबीच्या पाठीवरचा बोटाच्या नखाएवढा तांबूस तुकडा दाखवला. "काकू, सगळी करामत ह्या चिपची हाय. प्रिंटर पयल्यांदा ज्या मुलकाची डबी खातो, त्याच मुलकाचा होतो."

"कशासाठी पण?"

"तिकडचा सस्ता माल हिकडं चालू नये म्हणून. मुलूख बदलायचा तर कंपनीला फोन लावून नंबर घ्यावा लागतो."

म्हणजे मोठमोठ्या इंजिनियरांनी डोकं चालवलं ते यासाठी. अक्षर चांगलं उठावं म्हणून नव्हे. उठूच नये म्हणून.

फोन स्पीकरवर टाकून अर्धा तास त्यातलं संगीत ऐकलं. मग एक मुलगी अगदी गोड आवाजात बोलली. "मॅडम, तुम्ही दुबईहून भारतात कायमच्या राहायला आला आहात का?"

"मी सिरसाळ्याबाहेर कधी राहिलेच नाही."

"मग प्रदेश बदलून देता येणार नाही, मॅडम."

रफीकभाईंनी फोनवर हात ठेवला. "काकू, हो म्हना. कोन बघाया येतंय?"

मी म्हटलं, "ती पानं देवापुढं वाचायची आहेत. खोटं बोलून काढलेली पानं हातात घेऊन उभी कशी राहू?"

"मग घिऊन जा वापस," ते म्हणाले. त्यांचंही खरं होतं. सोमवार तीन दिवसांवर होता.

शांताक्का स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "ती तुला कावून इचारती? यंत्राचं इचार म्हनावं. त्ये आलंय न्हवं? परत जानार हाय का?"

मी फोन घेतला. "बाई, मी कुठून आले नाही. प्रिंटर आलाय. कायमचा आलाय, परत जाणार नाही. हे मी शपथेवर सांगते."

"थांबा हं, मॅडम," ती म्हणाली. मग साहेबांना विचारायला गेली, पुन्हा संगीत. परत आली आणि एकेक आकडा सांगू लागली. रफीकभाईंनी बटणं दाबली, प्रिंटर कुरकुरला आणि पान बाहेर आलं. दीडशे रुपये घेतले. "तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर माझं दुकान बसंल," म्हणाले, आणि गाठोडं स्वतः स्टँडपर्यंत आणून दिलं.

शनिवार-रविवार पानं काढली. तेवढ्यात दुबईला परतलेल्या सुनीलचा फोन, "मावशी, हिकडून शाईच्या दोन डब्या घेऊन ठेवल्यात." आता त्या इथं चालणार नाहीत, हे मी त्याला तीनदा समजावलं. तो कॉलेज शिकलेला आहे.

तुमच्यापैकी कुणी परदेशातून प्रिंटर मागवणार असेल तर मागवू नका. भाडं, शाई, दीडशे आणि दोन दिवस धरून स्वस्त काय पडलं, ते मी मांडून बघितलंय.

सोमवारी देवळात सगळ्यांच्या हातात पानं होती. पहिलाच अभंग आणि आमचा ताल गेला. सगळ्या दुसऱ्या ओळीवर, आणि शांताक्का अजून पहिलीवर, बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. पेटीवालीनं माझ्याकडं बघितलं. मी शांताक्कांकडं बघितलं. टाळ हळूहळू थांबले. आम्ही एकोणतीस बायका दुसऱ्या ओळीवर उभ्या राहून त्यांची वाट बघत होतो.