पत्रिकेतली बंद ओळ

तुमच्या आईबाबांच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः लिहिली होती आणि गेली सतरा वर्षं मला तिचा अभिमान होता. परवा कळंबच्या एका दुकानात, कॉम्प्युटरसमोर बसून, तो उतरला. तुम्ही दोघं नातवंडं इतक्या लांब आहात की इथल्या गोष्टी तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत गोड होऊन जातात. ही तशी होऊ नये म्हणून मीच लिहून ठेवते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नववीत तिला मी इंग्रजी शिकवलं. आता ती शेजारच्या गावात अंगणवाडी चालवते. तिचा नवरा ट्रक चालवायचा. नळदुर्गच्या अलीकडे हायवेवर अपघातात गेला, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. ती मुलगी आता नर्स झाली आणि तिचं लग्न ठरलं. एका सकाळी माझी ही विद्यार्थिनी घरी आली, अर्धा चहा प्यायली आणि म्हणाली, "बाई, पत्रिकेत माझं नाव न्हाय."

"राहून गेलं असेल."

"राहिलं न्हाय. न्हायच."

तिनं मोबाईल पुढं केला. पत्रिका तिच्या दिरानं कळंबला करायला टाकली होती, तिचा कच्चा नमुना आला होता. वर वडिलांचं नाव, मागे कै. लावून. मग मुलीचं नाव. निमंत्रक म्हणून दीर आणि जाऊ. खाली दोन रांगांत काका, मामा, आत्या, सगळे जोडीनं. तळाशी छोट्या चौकटीत घरातल्या पोरांची नावं आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'.

"ह्यातलं शेवटचं पोरगं अजून पाळण्यात हाय," ती म्हणाली. "त्याचं नाव हाय. माझं तेवढं न्हाय." ती हसली, पण कप काही तिनं परत उचलला नाही.

"दिरांना सांग की."

"सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, सगळ्यांच्या पत्रिकेत असंच असतं, मी काय वेगळं केलंय? तेबी खोटं न्हाय. कन्यादानाला दीर-जाऊ बसणार, ते मी कबूल केलंय. पण नाव पाहिजे बाई. पोरगी मी वाढवली. उद्या छापायला जाणार हाय. दुकानवाला तुम्हाला मानतो. तुम्ही चला."

दुकान एसटी स्टँडच्या मागे आहे. दुकानवाल्याच्या, म्हणजे आताच्या डिझायनरच्या, वडिलांच्या काळात तिथं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून पत्रिका छापत. आता एक टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि भिंतभर नमुने. डिझायनर पंचेचाळिशीचा असेल. तुमच्या बाबांची पत्रिका त्यानंच केली होती. मला त्यानं स्वतःशेजारची खुर्ची दिली, माझी विद्यार्थिनी मागे बाकावर बसली.

"एवढं एका पत्रिकेतलं नाव बदलतो, मग तुमचं बघू," तो म्हणाला.

हे काम कसं करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझी समजूत अशी की प्रत्येक लग्नाची पत्रिका कोऱ्या कागदापासून सुरू होत असेल. फोटो दुरुस्त करायचंच ते सॉफ्टवेअर होतं. डावीकडच्या पट्टीत इंग्रजी टी होता, तो त्यानं दाबला. मग पडद्यावर सोनेरी अक्षरांत असलेल्या कुणा नवरीच्या नावावर टिचकी मारली. नाव एकदम काळवंडलं. त्यानं दुसरं नाव टाइप केलं. तोच सोनेरी रंग, तीच सावली, त्याच वेलबुट्टीत दुसरी मुलगी बसली. पहिली कुठं गेली ते दिसलंही नाही.

"पुसावं लागत नाही?" मी विचारलं.

"पुसायचं कशाला बाई? वरूनच लिहायचं. रंग, आकार, सावली, सगळं त्या जागेला चिकटलेलं असतं. नाव कुणाचंबी येऊ द्या."

उजवीकडे एक यादी होती. प्रत्येक ओळ म्हणजे एक लेयर, एकावर एक ठेवलेल्या काचांसारखा, असं त्यानं समजावलं. प्रत्येक लेयरपुढे एक बारीक डोळा होता. डोळ्यावर टिचकी मारली की ती ओळ पत्रिकेवरून गायब. परत मारली की हजर. "मी काय बी उडवत न्हाय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आज म्हणतं काढा, उद्या म्हणतं घाला. डोळा बंद करून ठेवायचं."

मग त्यानं आमची पत्रिका उघडली. मला सवय आहे, मी कुठलाही कागद अगदी वरच्या कडेपासून वाचते. पडद्याच्या वरच्या कडेला फाईलचं नाव होतं. आपलं आडनाव, त्यापुढे 'लग्न', त्यापुढे 'कॉपी' आणि काही आकडे.

"हे आमचं आडनाव इथं कसं?"

"तुमचीच फाईल हाय, बाई," तो कौतुकानं म्हणाला. "तुमच्या पोराच्या लग्नाची. तुम्ही मजकूर इतका मापात आणून दिला व्हता, की मी तीच मूळ धरली. तिची कॉपी काढायची आणि वरून नावं बदलायची. आपल्याकडच्या बहुतेक पत्रिका हिच्यावरच झाल्यात. ते वाक्य न्हाय का तुमचं, 'मांडव आम्ही घातला आहे, तो भरणं तुमच्या हाती'? तेबी लोकांना लई आवडतं."

ते वाक्य मी केलेलं. इतक्या वर्षांत किती तरी पत्रिकांवर मला ते दिसलं होतं, आणि दर वेळी मी मनात म्हणत होते, बघा, लोक माझी भाषा उचलतात. कुणी काही उचलत नव्हतं. ते त्या जागेला चिकटलेलं होतं.

मी कामाचं विचारलं. "मग हिचं नाव का नाही घातलं?"

"जागाच न्हाय बाई. ह्या फाईलीत सगळ्या जागा जोडीच्या हायत, श्री. व सौ. आता काही जण सांगून घालायला लावतात, पण सांगितलं तर. ह्यांच्या दिरांनी काय सांगितलं न्हाय." बोलताबोलता तो यादी खाली सरकवत होता. तळाशी थांबला. "एक व्हती बघा एकट्याची. बंद केलेली."

त्यानं डोळ्यावर टिचकी मारली. डाव्या रांगेच्या खाली, सगळ्या जोड्यांच्या शेवटी, एक ओळ उगवली. श्रीमती, आणि पुढं माझ्या थोरल्या जावेचं नाव.

तुम्ही तिला मोठी आजी म्हणता. मी अक्का म्हणते. मागे बाकावरून माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं, "बाई, काय झालं?" मी ती ओळ परत एकदा वाचली.

ती पत्रिका मला आता सगळी आठवली. तुमच्या बाबांच्या लग्नाआधी पाच वर्षं अक्कांचे यजमान वारले होते. दोन्ही रांगा सारख्या बसाव्यात म्हणून मी लिहिलेल्या मजकुरात नुसत्या जोड्या होत्या, अक्कांचं नाव नव्हतं. तुमच्या आजोबांनी मला न सांगता दुकानात जाऊन ते घालायला लावलं. तपासायला कागद घरी आला तेव्हा मी पाहिलं की उजवीकडे चार ओळी आणि डावीकडे पाच. शाळेचा लाल पेन हातात होताच. मी ती पाचवी ओळ खोडली. आजोबा म्हणाले, "काढलीस?" मी म्हणाले, "तशी रीत नाही. आणि ओळीही जुळत नाहीत." त्यांनी चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि बाहेर गेले. त्या लग्नात अक्का तीन दिवस आमच्याकडे होत्या. भटारखाना त्यांनीच सांभाळला.

ओळी जुळत नव्हत्या, हे माझं खरं कारण होतं. रीत मी सोयीला पुढं केली. आणि जी ओळ मी एकदा खोडली ती तेव्हापासून, डोळा बंद करून, इथल्या घराघरांतल्या पत्रिकेखाली फिरत होती.

"ही ओळ सगळ्या कॉपींत आहे?" मी विचारलं.

"असणारच की."

मी त्याला म्हटलं, हिचं नाव घाला. तो म्हणाला, "मजकूर दिरांनी दिलाय. त्यांना विचारल्याबिगर मी एक काना बदलत न्हाय, बाई. उद्या माझ्या दारात भांडण." त्याचं बरोबर होतं. त्यानं फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. दीर आडत बाजारात होता. मागे सोयाबीनचा लिलाव चाललेला ऐकू येत होता.

"नमस्कार बाई. मी वहिनींना सांगितलं ना. आमच्या मनात काय वाईट न्हाय. पण सगळ्यांच्या पत्रिकेत असंच असतं."

"सगळ्यांच्या पत्रिकेत असतं," मी म्हणाले, "कारण सगळ्यांच्या पत्रिका माझ्या पत्रिकेवरून केल्यात. मी इथं बसून समोर बघतेय. मी माझ्या जावेचं नाव काढलं होतं, दोन रांगा सारख्या दिसाव्यात म्हणून. तुम्ही ज्याला रीत म्हणता ती माझी चूक आहे."

मागे लिलाववाला दोनदा ओरडला.

"तुमच्या हातून चूक, बाई?"

"माझ्याच."

"वहिनी तिथं हायत का?"

"हाय," माझी विद्यार्थिनी बाकावरून म्हणाली.

"तुम्ही मला जरा जोर देऊन सांगायचं व्हतं, वहिनी."

"दोनदा सांगितलं, भाऊजी."

"मला वाटलं, आपलं म्हणायचं म्हणून म्हणताय. कुठं पाहिजे नाव?"

"पोरीच्या वडिलांच्या शेजारी."

"घाला मग. आणि बारक्या अक्षरात घालू नका बाबा. लोक म्हणतील, दिरानंच करायला लावलं."

डिझायनरनं माउस त्या उघडलेल्या ओळीवर नेला. "ही अनायासे एकट्याची ओळ हाय. हिच्यावरच लिहितो आणि वर सरकवतो." टी दाबला, अक्कांचं नाव काळवंडलं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी अशी कुणाला हात लावत नाही.

"हिच्यावर नका लिहू. नवीन करा."

त्यानं ती ओळ तशीच सोडली. वर जाऊन नवीन चौकट ओढली आणि माझ्या विद्यार्थिनीचं पूर्ण नाव लिहिलं. मग वडिलांच्या नावाचा रंग आणि माप तिला लावलं. ती उठून पडद्याजवळ आली. बराच वेळ वाचत राहिली, जसं काही चार पानं वाचायची होती.

"एवढं मोठं मी रेशन कार्डावरबी बघितलं न्हाय," ती म्हणाली.

निघताना मी डिझायनरला सांगितलं की मूळ फाईलीतही ही जागा करून ठेवा, डोळा उघडा ठेवून. ज्याला नको असेल त्यानं बंद करायला सांगावं.

"तोंडानं सांगावं लागंल," तो म्हणाला. "मग बघू किती जण सांगतात." आणि आपल्या पत्रिकेची एक प्रत, अक्कांच्या ओळीसकट, त्यानं मला काढून दिली.

घरी येऊन मी पत्र्याची पेटी उघडली. आलेल्या पत्रिका मी वर्षावार रबर लावून ठेवते, तुम्ही त्यावरून मला हसता. माझं वाक्य असलेल्या पत्रिका बाजूला काढल्या आणि त्या त्या घरातल्या नवरा गेलेल्या बायकांची नावं आठवून शोधली. एकीत नवरीची आजी होती, अगदी शेवटी. बाकीच्या कुठंच नव्हत्या. त्यांतल्या दोघी माझ्याबरोबर शाळेत नोकरीला होत्या. आजोबा दारात उभे होते. मी विचारलं, "तुम्ही तेव्हा मला अडवलं का नाही?" ते म्हणाले, "लाल पेन तुझ्या हातात होता."

दुसऱ्या दिवशी एसटीनं अक्कांकडे गेले. तेरखेड्याच्या पुढे त्यांचं गाव. त्या ओसरीत तूर निवडत होत्या. पत्रिका हातात दिली, तर त्यांनी ती लांब धरून वरून वाचायला घेतली. "हे गेले," एका नावावर म्हणाल्या. "हीबी गेली, गेल्या साली." मग शेवटच्या ओळीपाशी आल्या.

"आता काय, पोराचं परत लग्न लावायचंय का?"

"नाही अक्का. चूक दुरुस्त करून आणलीय."

"सतरा वर्षं लागली व्हय? शाळेत पोरींना तर तासाच्या आत करायला लावायचीस."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? एवढं लग्न, त्यात तुझ्याकडनं राहून गेलं. मी तसंच धरलं." त्या थांबल्या. "राहूनच गेलं व्हतं ना?"

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी चूक दुरुस्त करायला गेले होते आणि सतरा वर्षं त्यांनी जे धरून ठेवलं होतं तेच काढून घ्यायला पोचले होते. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी काढलं होतं. ओळी जुळत नव्हत्या म्हणून."

अक्कांनी सूप मांडीवर घेतलं आणि तूर निवडत राहिल्या. चार-पाच खडे बाजूला टाकले. मी जायला उठले नाही आणि त्यांनी बसही म्हटलं नाही.

"ती कोण, जिच्या पायी हे निघालं?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ट्रक, अंगणवाडी, नर्स झालेली मुलगी, सगळं.

"तिचं नाव घातलं?"

"घातलं. वर, मुलीच्या बापाशेजारी."

"तिची पत्रिका आण मला," अक्का म्हणाल्या. "तुझी ने परत. तुझ्या पेटीत ठेव."