खुबूस करणारीची खुर्ची

मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी शरिफा भट्टीसमोर उभी होती. मंगळवार तिच्या सुट्टीचा. तरी पीठ तिनेच मळलं होतं आणि रोट्या तिनेच लाटल्या, कारण सावेडीतल्या ‘बैरुत कट्टा’ या दुकानात तिच्याशिवाय कुणाच्याही हातची खुबूस फुगत नाही. खुबूस ही लेबनॉनकडची पातळ रोटी. ती टम्म फुगली तरच मऊ होते, आणि मऊ झाली तरच सँडविचचं सारण तिच्यात न चिरता गुंडाळता येतं. भट्टीतून निघालेली रोटी शरिफा लगेच कापडात गुंडाळून दुरडीत झाकते, म्हणजे ती मऊ राहते. सुट्टीच्या दिवशीच्या या कामाला मालक वैजनाथ काम म्हणत नाही. ‘मावशी, तेवढं करून जा,’ एवढंच म्हणतो.

बावन्न वर्षांची शरिफा मूळची कोल्हारची. लग्न होऊन नगरला आली. नवरा अमजद रिक्षा चालवतो. दुकान सुरू झालं तेव्हा तिला भांडी घासायला घेतलं होतं. मुंबईहून आणलेला आचारी काही महिन्यांत सोडून गेला आणि त्याच्या जागी ती उभी राहिली. बाहेरच्या पाटीवर मात्र ‘अस्सल लेबनीज शेफ’ ही अक्षरं आहेत आणि शेजारी एका हसऱ्या दाढीवाल्याचा फोटो. हा गृहस्थ नगरला कधी आलेला नाही. फोटो इंटरनेटवरून उचलला, हे वैजनाथ स्वतःच सांगतो. सांगताना त्याला काही वाटत नाही.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी सात टेबलं आहेत. काम करणारी तिघं, म्हणजे शरिफा, काउंटरवरचा अजिनाथ आणि वडे तळणारा पोरगा, मागे मोरीजवळ, तेलाचे रिकामे डबे पालथे घालून त्यावर बसून जेवतात. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहायची वेळच आली नव्हती.

त्या मंगळवारी कोल्हारहून भीमाबाई डोळे तपासायला नगरला आली होती. लग्नाआधी दोघींनी एका टोळीत कांद्याची लागण केलेली. ‘तू करतीस ती रोटी एकदा खायाचीय,’ असं भीमाबाई वर्षभर फोनवर म्हणत होती. शरिफा घरी गेली, ईदचा ड्रेस घालून परत आली आणि सहाच्या सुमारास भीमाबाईला घेऊन पुढच्या दाराशी उभी राहिली. या दाराने ती कधीच आत गेली नव्हती. भीमाबाई पाटीपाशी थबकली.

“ह्यो कोन गं?”

“ह्यो? ह्यो मी हाय.”

“आन दाढी कवा आली तुला?”

“हितं कामाला लागल्यावर.”

दोघी हसत कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या. काउंटरवरच्या अजिनाथने ऑर्डर विचारली. भीमाबाईने आधीच बजावलं, “मंगळवार हाय माझा. मटनाबिटनाचं काय नको.” शरिफाने फलाफल मागवलं. हरभऱ्याचे तळलेले वडे, काकडीचं लोणचं आणि तिळाची चटणी, सगळं खुबूसमध्ये गुंडाळलेलं. सँडविच आलं तसं भीमाबाईने कागद सोडला, गुंडाळी उलगडली आणि भाकरी पसरावी तशी रोटी ताटलीत पसरली. वडे एका बाजूला, चटणी दुसऱ्या बाजूला. पहिला घास मोडणार एवढ्यात वैजनाथ आला आणि शरिफाच्या कानाशी वाकला.

“मावशी, मागे बसता का जरा? पाहुण्यांनाही घेऊन जा.”

“पैसे देनार हाय मी.”

“पैशांचं नाही हो. स्टाफ पुढे बसला की बरं दिसत नाही.”

“सुट्टी हाय आज माझी.”

“सुट्टी असली म्हणून काय झालं? स्टाफ तो स्टाफच ना.”

त्या वेळी सातपैकी चार टेबलं रिकामी होती.

भीमाबाईने हात मागे घेतला. कांद्याच्या टोळीत एक रीत होती: बांधावर दुपारची भाकरी सोडली की जिने ती थापली असेल ती बसल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही. मालकीणबाईने घरून भाकरी आणली तरी तिलाही आधी बसवायचे.

“उठ म्हनतोय व्हय तुला?” भीमाबाई मोठ्याने म्हणाली. “मग मी बी खात न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच.”

आजूबाजूची माणसं बघू लागली. वैजनाथ काउंटरकडे सरकला. तेवढ्यात क्लासची पोरंपोरी आत शिरली, त्यांच्या ऑर्डरमध्ये शरिफाची दुरडी रिकामी झाली, आणि अजिनाथला पाकिटातली रोटी काढावी लागली. ती गुंडाळताना चिरत होती, सारण खाली सांडत होतं. एका मुलीने रोल परत केला. वैजनाथ पुन्हा कोपऱ्यात आला. आता त्याचा आवाज मऊ होता.

“मावशी, दहा मिनिटं भट्टीवर या ना. पीठ आहे फ्रीजमध्ये.”

“मालक, आत्ता मी गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकाला भट्टीवर उभं केलं तर बरं दिसंल का?”

“त्या दाढीवाल्याला बोलवा की,” भीमाबाई म्हणाली. “बाहेरच तर उभा हाय, रिकामा.”

अजिनाथ पाठ फिरवून काउंटर पुसू लागला. त्याचे खांदे हलत होते.

“मस्करी नका करू, मावशी.”

“मस्करी तुमी लावलीय बाहेर, वरून लाइट सोडून.” शरिफाने आवाज चढवला नाही. “उद्या येते मी. कामाला न्हाई म्हनलं न्हाई. पन उद्यापासून आमी तिघंबी हितं जेवनार, ह्या टेबलावर, दुकान उघडायच्या आधी. नसंल जमत तर पाकिटातली रोटी विका.”

“बघू.”

“बघू न्हाई.”

काउंटरवर दुसरा रोल परत आला. वैजनाथने तो पाहिला. “बरं, जेवा उद्यापासून इथे,” तो म्हणाला आणि आत गेला. त्या संध्याकाळी शरिफा भट्टीवर गेली नाही.

“आता मोड,” ती भीमाबाईला म्हणाली. दोघींनी सावकाश खाल्लं. भीमाबाईने निकाल दिला, “रोटी झ्याक. वडं जरा कोरडं हायेत.” वड्यांशी शरिफाचा संबंध नव्हता.

पाटी आहे तशीच आहे. उद्या बुधवार. शरिफा तीनला येते, साडेतीनला भट्टी पेटते, पाचला दुकान उघडतं. कामाच्या माणसांचं जेवण साडेचारला. कोपऱ्यातलं टेबल रस्त्याकडच्या काचेला लागून आहे. तिथे कोण बसलंय ते फुटपाथवरून दिसतं.